छत्तीस सायकलींचं हमीपत्र

सोसायटीचे सेक्रेटरी विलास खैरनार सोमवारी सकाळी सव्वासातला तळघरात सायकल-स्टँड झाले. मी दुधाची पिशवी घेऊन जिन्यापाशी उभी होते, त्यामुळे सगळं नीट दिसलं. ते आपल्या दुसऱ्या गाडीचं कव्हर काढायला वाकले आणि वर आलेच नाहीत. हात मनगटापर्यंत कोब्यात गेले, पाय घोट्यापर्यंत गेले, पाठ गोल झाली आणि तिच्यावर सरकारी कपाटांना असतो तसा राखाडी रंग चढला. सदरा-पँट कुठे गेली ते कळलं नाही. डोकं दोन हातांच्या मधे आत ओढलं गेलं आणि तिथे रुपयाएवढं एक भोक उरलं.

"नर्सबाई," त्या भोकातून आवाज आला, "जरा इकडे या."

मी गेले. पाठीवर टिचकी मारून पाहिली. आतून पोकळ वाजलं.

"दुखतंय का?"

"नाही. पण उठता येत नाहीये."

"मग उठू नका," मी म्हणाले आणि दूध घेऊन वर गेले.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एरवी मी चहात साखर घालत नाही. त्या दिवशी दोन चमचे घातली.

आमची इमारत वनश्री हाइट्स, नाशिकच्या कडेला, सात मजली, फ्लॅट छत्तीस. मी तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये एकटी राहते. नाव लीला बच्छाव, पण सगळे नर्सबाईच म्हणतात. एकतीस वर्षं मी दिंडोरीकडच्या अकरा वस्त्यांवर सायकलने लसी पोचवल्या. मागच्या कॅरियरवर बर्फाची पेटी आणि हँडलला रजिस्टरची पिशवी. मुलं मला बघून गोठ्यात लपायची. त्यांना धरून आणलं की मी एकच वाक्य म्हणायचे, "हलू नका, सुई मोडेल." मोठी माणसंसुद्धा त्या वाक्याला दगडासारखी उभी राहायची. रिटायर झाले तेव्हा ऑफिसने शाल दिली, नारळ दिला. शाल मी कामवालीला दिली. सायकल मात्र इथे आणली आणि तळघरात जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवली. तिचा स्वतःचा स्टँड कधीच मोडला होता, त्यामुळे तिला टेकायला काहीतरी लागायचं. रोज सकाळी मी तिच्यावरून दूध, भाजी, बँक करायचे. छत्तीस फ्लॅटांत मिळून सायकल ती एकच.

आणि आमच्या सोसायटीला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं की गेटवर हिरव्या पानाची पितळी पाटी लागते. शेजारच्या सोसायटीत लागली होती आणि आमच्या चेअरमन मंदाकिनी बोरस्ते यांना ती येता-जाता दिसायची. झाडं होती, गच्चीवर सौर बंब होते, पावसाचं पाणी साठवायची टाकी होती. अडलं एकाच ठिकाणी. नियमाप्रमाणे दर फ्लॅटमागे एक, असे छत्तीस सायकल-स्टँड छताखाली हवे होते. नकाशात त्यांची जागा होती. त्या जागेवर सभासदांच्या दुसऱ्या गाड्या उभ्या होत्या.

खैरनारांनी तोड काढली. पेंटर बोलावून गाड्यांच्या मधल्या पट्ट्यांवर पिवळ्या ऑइलपेंटने छत्तीस सायकली काढून घेतल्या, आणि सोबत हमीपत्र लिहिलं. ते पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. साधं वाक्य लिहायचं त्यांच्या जिवावर यायचं. वार्षिक सभेत त्यांनी ते उभं राहून वाचलं.

"सदरहू सोसायटीचे सर्व सभासद छत्तीस सायकलींच्या आधारार्थ, प्रत्येकाच्या दारापासून तीस पावलांच्या आत, जातीने व कायमस्वरूपी उभे राहतील."

टाळ्या पडल्या. त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा टाळ्या.

"कोणाची हरकत?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला. "खऱ्या स्टँडचं काय? माझी सायकल भिंतीला टेकून असते."

"नोंद घेतली," खैरनार म्हणाले, आणि इतिवृत्तात लिहिलं, 'हरकत कोणाचीही नाही.' मग बटाटेवडे आले. वडा घेण्याआधी हजेरीच्या कागदावर सही करायची होती. मी मागे बसले होते, कागद शेवटी माझ्याकडे आला. मी सही केली आणि वडा खाल्ला. वडा गार होता.

आठ दिवसांनी फोटो काढायचे होते. त्या सकाळी मी खाली गेले तर जिन्याखाली सायकल नव्हती. कुलूप होतं, ग्राइंडरने कापलेलं, दोन तुकडे. वॉचमन गांगुर्डे माझ्याकडे न बघता बोलला.

"बाई, माझ्या हातनं झालं. बोरस्तेमॅडम म्हणल्या, गंजकी सायकल फोटोत नको. साहेबांनी भंगारचा टेम्पो बोलावला. नोकरीचा प्रश्न होता माझ्या."

गांगुर्डेवर मी रागावले नाही. हरित प्रमाणपत्रासाठी इमारतीतली एकुलती एक सायकल भंगारात घालायची, हे डोकं त्याचं नव्हतं. वर जाऊन मी एका कागदावर लिहिलं, 'माझी हरकत आहे. लीला बच्छाव, ३०४,' आणि नोटीस बोर्डावर लावलं. संध्याकाळी ते काढलं गेलं. मी पुन्हा लावलं. असं नऊ दिवस चाललं. खैरनारांचा आणि माझा छत्तीसचा आकडा सगळ्या इमारतीत माहीत झाला. मला रात्री झोप लागायची, पण दात आवळून लागायची. दहाव्या दिवशी, सोमवारी, ते स्टँड झाले.

त्याच दुपारी पहिली सायकल आली.

ती रॅम्पवरून एकटीच आली, सावकाश, पेडल उलटं फिरवत. काळी, चोवीस इंची, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नाव लिहिलेली. गांगुर्डेने तिला गेटवर थांबवून पाहुण्यांच्या वहीत नोंद केली. 'नाव: सायकल. कोणाकडे: खैरनार.' ती सरळ त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या पाठीवर टेकली.

"ही अण्णांची आहे," खैरनार म्हणाले.

"कोण अण्णा?"

"माझे वडील. तहसील कचेरीत शिपाई होते. मला डबल सीट शाळेत सोडायचे." मग ते म्हणाले, "मला प्रमोशन मिळालं तेव्हा मी विकून टाकली. सरकारी क्वार्टरपुढे बरी दिसत नव्हती."

"आता जड वाटतेय का?"

"हो."

"बरं," मी म्हणाले.

मंगळवारी बोरस्तेबाई झाल्या. पैठणीची पर्स खांद्याला तशीच राहिली, बाकी सगळा पाइप. त्यांच्याकडे जाळी लावलेली निळी लेडीज सायकल आली, दहावीत पहिल्या आल्याबद्दल मिळालेली, जी त्यांनी लग्नानंतर माळ्यावर टाकली आणि पुढे विसरून गेल्या. मग रोज पाच-सहा जण होत गेले. हमीपत्राला जोडलेल्या सह्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने. खजिनदार कोठावदे पुण्याला मुलीकडे पळाले, पण त्यांची टॅक्सी घाट उतरून सरळ आमच्या तळघरात आली. ते दार उघडून उतरले आणि उतरता उतरताच वाकले. सव्विसाव्या सहीचे डॉक्टर खाली जाण्याआधी मला नमस्कार करून गेले. त्यांच्यावर माझा तसा राग नव्हता. पण टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या.

प्रत्येकाकडे त्याने टाकून दिलेलीच सायकल यायची. कोणाची तीन चाकी होती, कोणाची हुंड्यात मिळालेली. जमिनीवरच्या पिवळ्या सायकली एकेक करून पुसल्या गेल्या. गाड्या मात्र बाजूला सरकत सरकत भिंतीत गेल्या आणि भिंतीवर त्यांची चित्रं उरली, नंबर प्लेटसकट. घरची माणसं सुरुवातीला रडली, मग रुळली. सकाळी फडकी घेऊन खाली यायची, आपापला माणूस पुसायची, शिलाई मशीनचं तेल लावायची. ज्याला चहा हवा त्याला नरसाळ्याने भोकातून ओतायची.

खैरनारांच्या बायको निर्मलाताई एकदा माझ्याकडे वर आल्या.

"नर्सबाई, त्यांना रोज बीपीची गोळी असते. कशी देऊ?"

"पाण्यात विरघळवून ओता."

त्या दारातच उभ्या राहिल्या. "तुम्ही ती हरकत मागे घ्या ना. सगळं तिच्यामुळेच चाललंय म्हणतात. प्रमाणपत्राच्या ऑफिसात हरकत पोचली की हमीपत्र खरं आहे का ते बघावंच लागतं."

"नऊदा लावली होती, ताई. नऊदा तुमच्या मालकांनी काढली. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

त्या गेल्यावर मला थोडं वाईट वाटलं, पण भाजीला फोडणी देईपर्यंत ते गेलं.

मी रोज खाली जाऊन खुर्ची टाकून बसायला लागले. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, माझी सायकल. दुसरी, या स्टँड झालेल्या लोकांनी तिला येताना पाहावं. दर वेळी रॅम्पवर चाक वाजलं की मी उठायचे. चेहऱ्यावरून ओळखता येतं तसं मला दुरूनच कळायचं, ही आपली नाही. माझ्या सायकलीचा आवाज वेगळा होता. मागचं मडगार्ड कॅरियरला घासायचं, कुट-कुट. अकरा वस्त्यांतली कुत्री त्या आवाजाला ओळखायची.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मी जिना उतरताना मला पायऱ्या कमी वाटल्या. माझ्या दारापासून तळघरापर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून मला त्या पाठ आहेत. बुधवारी त्रेपन्न भरल्या. दुसरा मजला नव्हता. तिथले लोक तक्रार करत नव्हते, कारण तिथले सगळे सभासद आता खालीच होते. शुक्रवारी एकतीस पायऱ्या. शनिवारी सकाळी दार उघडलं तर समोर नऊ पायऱ्या आणि त्यांच्या खाली तळघर. मी पावलं मोजली. दारापासून खैरनारांपर्यंत बरोबर तीस.

"तुमच्या दारापासून तीस पावलांच्या आत," खैरनार आतून म्हणाले. "मीच लिहिलं होतं."

"नियमात तसं होतं?"

"नाही. नियमात इमारतीच्या दारापासून होतं. 'प्रत्येकाच्या' हा शब्द मी घातला. वाक्याला वजन येतं म्हणून."

"तुमच्या वाक्यापायी माझं घर खाली आलं."

"नर्सबाई," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. हमीपत्रावर सह्या घ्यायला वेळ नव्हता. मी हजेरीचा कागदच मागे जोडला."

मी खुर्ची ओढून बसले. पस्तीस पाठी माझ्यासमोर रांगेत होत्या. सगळ्यांवर सायकली होत्या. पस्तीसाव्याच्या पलीकडे एक पट्टी मोकळी होती. हजेरीच्या कागदावर शेवटची सही कोणाची होती ते मला आठवायची गरज नव्हती. गार वड्याची चव तोंडात आली.

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दूध घेऊन वर गेलात," खैरनार म्हणाले.

त्या भोकात मला आनंद ऐकू आला. बारीक, पण होता. म्हणजे तेही इतके दिवस वाट बघत होते. मला त्यांचा राग आला आणि पहिल्यांदाच थोडी ओळखही पटली.

सोमवारी सकाळी दहाला प्रमाणपत्राच्या ऑफिसातून तपासणीसबाई आल्या. मोरपंखी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात टेप आणि फाइल. माझं दार आता थेट तळघरात उघडत होतं. पायरी एकही नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी रॅम्पच्या भिंतीला लागून बंद झाली होती आणि छत इतकं खाली आलं होतं की मला डोकं तिरपं करून चालावं लागत होतं. बाईंना मात्र ताठ चालता येत होतं. त्यांनी एकेकाच्या पाठीवर हात ठेवून मोजलं. दोन स्टँडमधलं अंतर टेपने बघितलं. बोरस्तेबाईंची पर्स उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"काम चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पस्तीस. एक कमी."

"मग प्रमाणपत्र?" बोरस्तेबाईंचा आवाज आला.

"छत्तीस लागतात." त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझी नववी हरकत होती ती, कोपऱ्यावर टाचणीचं भोक. "लीला बच्छाव तुम्हीच ना? ही हरकत मागे घेताय?"

"घेतली तर?"

"खाली 'हरकत नाही' लिहायचं, सही करायची. हमीपत्र मग नुसता कागद होईल. सगळे उठतील. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर जाईल. गाड्या भिंतीतून बाहेर येतील."

"आणि सायकली?"

"ज्याला जी नको होती, त्याला ती पुन्हा नकोशी होईल."

"आणि नाही घेतली तर?"

त्यांनी मोकळ्या पट्टीकडे बघितलं.

रांगेतून कुजबुज सुरू झाली. पस्तीस भोकांतून एकदम. "नर्सबाई, लिहा." "आम्ही नवी सायकल घेऊन देऊ." "गिअरची घेऊ." "ताई, तुम्ही किती लोकांचे जीव वाचवलेत." खैरनार म्हणाले, "मी जाहीर माफी मागतो. सर्वसाधारण सभेत मागतो. सदरहू प्रकरणी मी अंतःकरणपूर्वक..."

"साधं बोला," मी म्हणाले.

साधं त्यांना येत नव्हतं.

मी पेन हातात घेतलं. गुडघे दुखत होते. घरी गॅसवर वरण होतं. मला वाटलं, पुरे झालं, लिहून टाकावं. 'ह' काढला, 'र' काढला, 'क' काढला, 'त' काढला. पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं आणि रॅम्पवर कुट-कुट वाजलं.

गांगुर्डे गेटवरून ओरडला, "बाई! तुमची आलीय! काय लिहू, कोणाकडे?"

ती वळणावर दिसली. हँडल डावीकडे वाकलं होतं, टेम्पोत फेकल्यासारखं. पुढचं चाक लंगडत होतं. चेन नव्हती. कॅरियरवर बर्फाची पेटी होती, जी मी सात वर्षांपूर्वी ऑफिसात जमा केली होती, आणि पेटीच्या झाकणातून पाणी गळत होतं. भंगारात तिचे तुकडे केले असावेत, कारण नळीवर नवे जोड दिसत होते, घाईत मारलेले. ती अकरा वस्त्या फिरून आल्यासारखी दमलेली होती. पस्तीस जणांनी तिला येताना पाहिलं. मला हवं होतं तसंच झालं.

ती मोकळ्या पट्टीपाशी येऊन थांबली. तिला स्टँड नव्हता. टेकायला भिंत नव्हती, भिंतीत गाड्या होत्या. ती एका बाजूला कलायला लागली, अगदी हळू.

मी कागदावर पुढचा शब्द लिहिला. 'आहे.' खाली सही केली, फ्लॅट नंबर घातला, पेन बाईंना परत दिलं.

"गांगुर्डे," मी हाक मारली, "माझ्याकडे लिही. आणि वरणाखालचा गॅस बंद कर."

मग मी पट्टीवर गेले आणि वाकले. कोबा गार होता, पण मऊ, भिजवलेल्या कणकेसारखा. एका मुठीत जुन्या कुलपाची किल्ली होती, ती तशीच आत गेली. गुडघ्यातली कळ थांबली. पाठ गोल झाली तेव्हा हाडं वाजली नाहीत. डोकं दोन हातांच्या मधे आलं आणि मला शेजारी, हातभर अंतरावर, खैरनारांचं भोक दिसलं. इतक्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे बोरस्तेबाई, पलीकडे कोठावदे, सगळी रांग.

तपासणीसबाईंच्या बुटांचा आवाज माझ्यापाशी थांबला. पाठीवर हात पडला.

"छत्तीस," त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली. वर गेटवर कोणीतरी पाटीसाठी भिंतीत भोक पाडायला लागलं.

मग सायकल टेकली. आधी हँडल, मग सीटखालची नळी, मग पेटीचं सगळं वजन. बर्फाचं पाणी माझ्या पाठीवरून खाली आलं आणि घरंगळत खैरनारांकडे गेलं. ते रडत होते. त्यांचा पाइप आतून थरथरत होता आणि त्या थरथरीने सगळी रांग किणकिणायला लागली होती. माझी सायकल किंचित घसरली.

"हलू नका," मी म्हणाले.